जर्मन अर्धवट येतं, तर अर्जात नेमकं काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनची ए२ परीक्षा (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली दुसरी) २०२२ मध्ये पास झाली, बी१चा क्लास निम्म्यावर सुटला, शाळेतही तीन वर्षं जर्मन होतं. आता चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत खरेदी विभागात जागा निघाली आहे आणि जाहिरातीत ‘जर्मन येत असल्यास प्राधान्य’ असं म्हटलंय. ‘बेसिक’ लिहिलं तर जमेची बाजू वाया जाते, ‘गुड’ लिहिलं तर मुलाखतीत पंचाईत होते. मग लिहायचं काय?

चार गोष्टी लिहा: पातळी, कोणती परीक्षा, कोणत्या वर्षी, आणि त्या भाषेत आज कोणतं काम करता येतं. विशेषण एकही नको. ‘बेसिक’, ‘गुड’, ‘कॉन्व्हर्सेशनल’, ‘वर्किंग नॉलेज’ हे शब्द वाचून समोरच्याला काहीच कळत नाही, कारण प्रत्येक जण ते आपापल्या मापाने वापरतो. ए१ झालेली मुलं ‘गुड’ लिहितात आणि बी२ झालेली मुलं संकोचाने ‘बेसिक’ लिहितात. दोघांचेही अर्ज चुकीच्या गठ्ठ्यात जातात.

तुमच्या बाबतीत ओळ अशी होईल (ग्योटे-त्सेर्टिफिकाट म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र). इथे मराठीत देत आहे, अर्जात ती इंग्रजीत करा:

जर्मन: ए२, ग्योटे-त्सेर्टिफिकाट, २०२२. पुरवठादाराच्या साध्या ई-मेलचा आशय समजतो. छोटं उत्तर शब्दकोश घेऊन लिहिता येतं. बोलणं ओळख आणि नेहमीच्या चौकशीपुरतं.

यातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या माणसासाठी आहे. अर्ज पहिल्यांदा एचआरकडे किंवा अर्ज चाळणाऱ्या एटीएस सॉफ्टवेअरकडे जातो. एचआरच्या माणसाला बहुधा जर्मन येत नसतं. तो जाहिरातीतलं ‘ए२’ किंवा ‘बी१’ तुमच्या अर्जातल्या अक्षरांशी जुळवतो. म्हणून पातळी आणि परीक्षेचं नाव सरळ अक्षरांत हवं. पाच तारे, भरलेल्या पट्ट्या, ‘जर्मन ६० टक्के’ असली गोल चक्रं टाळा. ती सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत आणि माणसाला त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या फेरीत अर्ज विभागप्रमुखाकडे जातो. त्याच्यापुढे प्रश्न वेगळा असतो: जर्मनीहून ड्रॉइंगच्या बदलाचा मेल आला तर हा उमेदवार तो वाचून मला सांगू शकेल का? त्याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे.

कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेची ए१ ते सी२ ही सहा पातळ्यांची चौकट २००१ मध्ये आली आणि आता जवळपास सगळीकडे तीच चालते. तिचा एक भाग मात्र लोक विसरतात. त्या चौकटीच्या स्वयंमूल्यांकन तक्त्यात एकच पातळी नसते. ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं अशा पाच रकान्यांत वेगवेगळी पातळी भरायची असते. युरोपास या युरोपीय संघाच्या सीव्ही-नमुन्यातही हेच पाच रकाने येतात. भाषा अर्धवट येते तेव्हा ती सगळीकडे सारखी अर्धी कधीच नसते. आपल्याकडे शिकलेल्या बहुतेकांचं वाचन एक पायरी पुढे असतं आणि संवाद एक पायरी मागे, कारण क्लासमध्ये व्याकरण आणि उतारे भरपूर होतात, जर्मन माणसाशी बोलायची वेळ क्वचितच येते. त्यामुळे ‘वाचन बी१, संवाद ए२’ असं लिहिण्यात कमीपणा अजिबात नाही. खरेदी विभागातलं बरंचसं काम मेलवरच चालतं, तिथे वाचनाची पातळी सुटी दिसली तर तुमचाच फायदा होतो.

ग्योटे परीक्षेत याची अधिकृत सोयही आहे, पण ती फार कमी लोक वापरतात. बी१पासून पुढची परीक्षा चार भागांत असते: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येक भाग १०० गुणांचा, पास व्हायला ६० लागतात, आणि भाग सुटे देता येतात. समजा वाचनात ८२, श्रवणात ७१, लेखनात ६६ आले आणि संभाषणात ५२. तुम्ही ‘बी१ नापास’ नाही आहात. तुमच्या हातात तीन भागांची प्रमाणपत्रं आहेत आणि अर्जात ‘बी१: वाचन, श्रवण, लेखन पास, संभाषणाची परीक्षा पुन्हा देणार’ असं छातीठोकपणे लिहिता येतं. नुसतं ‘बी१’ लिहू नका, पूर्ण बी१ चार भागांनी होतं. ए१ आणि ए२मध्ये मात्र ही सोय नाही. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेचं गणित वेगळं आहे: चार भाग प्रत्येकी २५ गुणांचे, एकूण १०० पैकी ५० हवेत आणि कोणत्याही भागात ५पेक्षा कमी नकोत. तिथे एकच निकाल लागतो.

आता अर्ध्यावर सुटलेल्या बी१बद्दल. ‘बी१ पर्सुइंग’ असं लिहायची पद्धत पडली आहे आणि ती नडते. क्लास दोन वर्षांपूर्वी सुटला असेल तर ते पर्सुइंग नव्हे. सध्या क्लास चालू असेल तर संस्था, सुरुवातीचा महिना आणि परीक्षेचा अपेक्षित महिना लिहा. क्लास सुटलेला असेल तर त्याचा उल्लेखच नको, ए२ हीच तुमची पातळी. क्लास पूर्ण केला पण परीक्षा दिली नाही, ही तिसरी स्थिती. तेव्हा ‘बी१चा अभ्यासक्रम पूर्ण, परीक्षा दिलेली नाही’ असं स्पष्ट लिहा. कोर्स पूर्ण केल्याचा कागद आणि परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र यातला फरक भाषेची भरती करणाऱ्यांना पक्का माहीत असतो. प्रमाणपत्राची प्रत मागितल्यावर कोर्सचा कागद पुढे केला की आधीच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो.

‘बी१/बी२’ अशी तिरकी रेघही नको. वाचणारा त्यातलं खालचं टोक धरतो आणि वर तुम्हाला स्वतःची पातळी माहीत नाही असंही समजतो.

२०२२च्या ए२चं काय? ग्योटेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण अनेक संस्था आणि कंपन्या दोन वर्षांच्या आतलं मागतात. वापर नसेल तर बोलणं सगळ्यात आधी विसरतं, मग लिहिणं. वाचन टिकून राहतं. म्हणून वर्ष लपवू नका. जुन्या वर्षासमोर ‘सध्या आठवड्यातून दोनदा सराव’ किंवा ‘वाचन चालू, बोलण्याचा सराव तुटलेला’ अशी आजची स्थिती लिहा. पाच-सात वर्षांपूर्वीची पातळी असेल आणि मधल्या काळात भाषेला हात लागला नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: प्रमाणपत्राची पातळी वर्षासह लिहा आणि कामाच्या वाक्यात एक पायरी खालचं लिहा.

शाळेतल्या तीन वर्षांबद्दल सावध राहा. पुण्यात आठवीपासून बारावीपर्यंत जर्मन किंवा फ्रेंच घेणारी मुलं भरपूर आहेत आणि गुण चांगले पडतात म्हणूनच अनेक जण ते घेतात. दहावीला जर्मनमध्ये ९५ हा आकडा खरा असतो, पण तो पेपर मुख्यतः लेखी असतो आणि ठरावीक धड्यांवर असतो. त्यातून ए१ किंवा ए२च्या आसपासचं व्याकरण पक्कं होतं. फोन उचलून बोलणं येत नाही. तुमच्याकडे वरची परीक्षा आहे, तेव्हा शाळेची वर्षं भाषेच्या ओळीत घालायची गरजच नाही. ज्यांच्याकडे फक्त शाळेचं जर्मन आहे त्यांनी ‘शालेय विषय, ३ वर्षं, परीक्षा नाही, स्वयंमूल्यांकन ए१’ असं लिहावं.

तसंच विद्यापीठाच्या कोर्सचं. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाचे सर्टिफिकेट, डिप्लोमा, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा हे शब्द पुण्याच्या एचआरला ओळखीचे असतात. बंगळुरूच्या किंवा श्टुटगार्टच्या माणसाला त्यातून पातळी कळत नाही. कोर्सचं नाव ठेवा आणि अभ्यासक्रमपत्रिकेत युरोपीय पातळी दिली असेल तर शेजारी तीही लिहा.

जपानी भाषेत सापळा वेगळा आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत (पातळ्या एन५ ते एन१, एन१ सगळ्यात वरची) वाचन, शब्द-व्याकरण आणि श्रवण तपासतात. बोलणं आणि लिहिणं तपासलंच जात नाही, सगळी उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात. म्हणून ‘एन३’ एवढंच लिहिलेल्या दोन उमेदवारांपैकी एक टोयोटाच्या इंजिनिअरशी गप्पा मारू शकतो आणि दुसऱ्याला नमस्काराच्या पुढे जाता येत नाही. भरती करणाऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळे ते नुसत्या एन३वर भरवसा ठेवत नाहीत. बोलण्याबद्दल स्वतंत्र वाक्य लिहाच. गुण चांगले असतील तर तेही लिहा. एन३ १८० गुणांची असते, पासाला ९५ लागतात आणि तिन्ही भागांत प्रत्येकी किमान १९. ‘एन३, डिसेंबर २०२३, १३८/१८०, श्रवण ४८/६०’ ही ओळ वाचल्यावर काठावर पास झालेला आणि तुम्ही यातला फरक लगेच दिसतो. कॉलचं काम असेल तर श्रवणाचा आकडा आधी पाहिला जातो. डिसेंबर २०२५च्या परीक्षेपासून गुणपत्रिकेवर युरोपीय पातळीचा संदर्भही येतो, पण संभाषणाची परीक्षाच नसल्याने तो बोलण्याला लागू होत नाही. निकाल लागायचा असेल तर ‘एन३ परीक्षा दिली, निकाल बाकी’ असं लिहा. एन५चा अभ्यास नुकताच सुरू केला असेल तर तो अर्जात नको.

फॉर्ममधले रकाने हा वेगळाच त्रास आहे. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांच्या आणि सरकारी अर्जांत ‘वाचता येते, लिहिता येते, बोलता येते’ असे तीनच रकाने असतात आणि खूण करायची असते. हे रकाने मराठी, हिंदी, इंग्रजीसाठी केलेले आहेत. ए२ला माझ्या मते वाचन आणि लेखनावर खूण करावी. बोलण्यावर तेव्हाच करावी, जेव्हा अनोळखी माणसाने जर्मनमध्ये फोन केला तर पाच मिनिटं तग धरता येईल. शेरा लिहायला जागा असेल तिथे ‘ए२’ लिहा. जागा नसेल तर सोबतच्या सीव्हीत असतंच. नोकरीच्या पोर्टलांवर बिगिनर, प्रोफिशियंट, एक्स्पर्ट अशा तीन पायऱ्या असल्या तर बी१पर्यंत बिगिनर आणि बी२पासून प्रोफिशियंट निवडा, आणि खरी पातळी प्रोफाइलच्या शीर्षकात घाला, म्हणजे शोधात ती सापडेल. लिंक्डइनवर पाच पायऱ्या आहेत: ए१ आणि ए२ला ‘एलिमेंटरी’, बी१ला ‘लिमिटेड वर्किंग’, बी२ला ‘प्रोफेशनल वर्किंग’, सी१ला ‘फुल प्रोफेशनल’ हा मेळ व्यवहारात चालतो.

परीक्षाच दिलेली नसेल तर पातळी स्वतः ठरवावी लागते. अंदाजाने ठरवू नका, एक संध्याकाळ द्या. ऐकण्यासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावा. जपानीला एनएचकेच्या सोप्या बातम्या, फ्रेंचला आरएफआयचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र. मजकूर न बघता एकदाच ऐकून मुख्य मुद्दे सांगता आले तर तुमचं श्रवण बी१च्या आसपास आहे. लिहिण्यासाठी १५ मिनिटं लावून, भाषांतराचं अ‍ॅप बंद करून, माल उशिरा येणार आहे असं कळवणारा मेल लिहा. बोलण्यासाठी फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि मागच्या आठवड्यात ऑफिसात काय केलं ते तयारी न करता दोन मिनिटं सांगा. ऐकताना वाक्यं मोजू नका, अडखळल्यावर काय केलंत ते बघा. दुसऱ्या शब्दांनी वाट काढली तर बी१कडे झुकता आहात. गप्प झालात किंवा इंग्रजीवर आलात तर ए२. आलेली पातळी लिहा आणि शेजारी ‘स्वयंमूल्यांकन’ हा शब्द ठेवा.

ओळ किती खरी आहे हे फोनवरच्या पहिल्या फेरीत ठरतं. भाषेचा जाणकार बहुतेक वेळा ‘एर्त्सेलन झी बिटे एटवास उइबर झिश’ म्हणून सुरुवात करतो, म्हणजे स्वतःबद्दल सांगा. ते सगळ्यांचं पाठ असतं आणि त्याला ते माहीत असतं, म्हणून तो तुमच्याच उत्तरातला एक धागा पकडतो: आधीची नोकरी का सोडली? इथे भूतकाळ लागतो आणि ‘वाइल’ (कारण) हा शब्द लावून कारण द्यावं लागतं. ‘वाइल’नंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जायला हवं. ए२चा माणूस ते मध्येच ठेवतो, ऐकून स्वतःला दुरुस्त करतो आणि पुढे जातो. त्यात काही बिघडत नाही, ए२ लिहिलेल्याकडून तेवढंच अपेक्षित असतं. पण अर्जात बी१ लिहून हीच अडखळ तीनदा झाली की फेरी तिथेच संपते. मग एखादी वेळ किंवा तारीख विचारतात. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात. साडेआठ लिहून घेतलंत तर जर्मनीतल्या माणसाशी ठरलेला कॉल हुकणार, हे विचारणाऱ्याला तिथेच दिसतं.

आपली पातळी वाढवून लिहिण्याचा खरा धोका मुलाखतीनंतरचा आहे. निवड झाली आणि ‘याला जर्मन येतं’ म्हणून पुरवठादाराचे मेल थेट तुमच्याकडे यायला लागले, की ‘बिस त्सुम १५.’ आणि ‘आब डेम १५.’ यातला फरक अंगावर येतो. पहिल्यात माल पंधरा तारखेपर्यंत येतो, दुसऱ्यात पंधरापासून पुढे कधीतरी. घाईत उलटं वाचलं तर असेंब्ली लाइनचं नियोजन चुकतं. म्हणून मुलाखतीत स्वतःहून सांगा: मेलचा आशय मी सांगेन, तारखा, किंमती आणि कराराच्या अटी असतील तिथे दुसऱ्याकडून तपासून घेईन, फोनवर बोलणी अजून नाहीत. काम जाणणाऱ्या विभागप्रमुखाला हे उत्तर आवडतं, कारण तुमच्यावर कोणतं काम टाकायचं आणि कोणतं नाही हे त्याला तिथेच कळतं.

थेट जर्मनीत अर्ज करणार असाल तर तिकडचे ठरलेले शब्द आहेत: ‘ग्रुंडकेंटनिसे’ साधारण ए१-ए२ला, ‘गूटे केंटनिसे’ बी१-बी२ला, ‘फ्लीसेंड’ त्याच्या वर, आणि ‘फेरहांडलुंग्सझिशर’ म्हणजे त्या भाषेत व्यवहाराची बोलणी करता येतील इतकं, सी१च्या घरातलं. शब्दासोबत पातळी लिहाच. ऑपॉर्चुनिटी कार्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शान्सनकार्टसाठी, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याच्या परवान्यासाठी (जून २०२४पासून) किमान जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागतं, आणि पॉइंट्सच्या वाटेने सहा गुण जमवताना जर्मन ए२चा एक, बी१चे दोन, बी२चे तीन मिळतात. तिथे स्वयंमूल्यांकन चालत नाही, प्रमाणपत्रच लागतं. जर्मनीत नर्सिंगच्या मान्यतेसाठी तिथल्या बहुतेक राज्यांत बी२ मागतात. त्यात ‘जवळपास बी२’ असं काही नसतं.

अलीकडे एक चूक फार वाढली आहे. ए२चा उमेदवार एआयकडून सी१च्या जर्मनमध्ये झकास अर्जपत्र लिहून घेतो. वाचणारा खूश होतो, थेट जर्मनमध्ये फोन करतो आणि दुसऱ्या वाक्याला फोन इंग्रजीत वळतो. अर्जपत्र इंग्रजीत लिहा आणि शेवटी दोन-तीन वाक्यं स्वतःच्या जर्मनमध्ये घाला. त्यातली एखादी चूक खपून जाते.

फक्त वाचता येणं हेही विकत घेतलं जातं, फक्त ते नेमकं लिहायला हवं. गोव्यात जुनी खरेदीखतं, वाटपाचे दस्त, जन्म-विवाहाच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि वकिलांच्या कार्यालयांना ते वाचून देणारी माणसं लागतात. ज्याला पोर्तुगीज बोलता येत नाही पण असे दस्त वाचता येतात त्याने ‘पोर्तुगीज: केवळ वाचन, छापील मजकूर आणि विसाव्या शतकातली हस्तलिखित खतं, जुनी हस्ताक्षरं मदतीने, बोलणं नाही’ असं लिहावं. नुसतं ‘पोर्तुगीज बेसिक’ लिहिलं तर पणजीतला वकील तो अर्ज बाजूला ठेवेल.

जाहिरातीत तुमच्यापेक्षा वरची पातळी असेल तर ‘प्राधान्य’ की ‘अनिवार्य’ हे आधी बघा. प्राधान्य असेल तर ए२वर अर्ज करायला हरकत नाही. अनिवार्य बी२ असेल आणि काम ग्राहकाशी बोलण्याचं असेल तर अर्ज करू नका. त्याच कंपनीत कागदपत्रांचं किंवा सॅप सॉफ्टवेअरमधलं काम निघालं तर तिथे करा. ‘बी२ लवकरच’ असं लिहिण्याआधी हिशेब करा. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार सुरुवातीपासून मोजलं तर ए२पर्यंत ४५ मिनिटांचे २०० ते ३५० तास, बी१पर्यंत ३५० ते ६५०, बी२पर्यंत ६०० ते ८०० लागतात. शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये आठवड्याला आठ-नऊ तास होतात, म्हणजे २०० तासांना साडेपाच-सहा महिने. आज ए२ असलेल्या तुम्हाला बी१ला पुढचं निम्मं वर्ष धरावं लागेल आणि बी२ला त्यानंतरचं आणखी तेवढंच किंवा जास्त. अर्जात परीक्षेचा जो महिना घालाल तो या हिशेबात बसायला हवा, कारण रुजू झाल्यावर एचआर त्याच महिन्यात प्रमाणपत्र मागतो.